माळ्यावर व्हॉल्व्ह ॲम्प्लिफायर सापडला? आधी हे वाचा

वाडा पाडायला निघाला की माळ्यावरून काय काय खाली येतं: तांब्याचा बंब, मोडका पाळणा आणि धुळीनं माखलेला एखादा व्हॉल्व्ह ॲम्प्लिफायर, म्हणजे काचेच्या नळ्यांवर (व्हॉल्व्हवर) चालणारी, आवाज मोठा करणारी जुनी पेटी. मग घरातल्या कुणाला तरी ‘बघू तरी, चालतोय का’ असं वाटतंच. कृपया प्लग लावू नका. इतकी वर्षं पडून राहिल्यावर आतले इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटर (वीज साठवणारे भाग) वाळलेले असतात. ते शॉर्ट झाले तर मेन ट्रान्सफॉर्मर, म्हणजे घरची वीज आत घेणारा, जळू शकतो. असे ॲम्प्लिफायर तपासून विकत घेणारे आम्ही, वाटेत बल्ब जोडून (सिरीज बल्ब), व्होल्टेज कमी-जास्त करणाऱ्या व्हेरिॲकवर ते हळूहळू चढवतो. खोकं उघडूही नका; आत ३०० ते ४०० व्होल्ट डीसी असतं आणि प्लग काढल्यावरही चार्ज उरतो.

ॲम्प्लिफायर घरगुती की सभेचा, हे मागच्या पट्टीवरून कळतं. स्पीकरच्या जोडणीपाशी फक्त ४, ८, १६ ओहम लिहिलं असेल, तर बहुधा घरगुती हाय-फाय. १०० व्होल्ट लाइन आणि माइकची सॉकेटं असतील, तर तो मंडपातला, कर्ण्यांसाठी केलेला. गणेशोत्सवाच्या गावात हा दुसराच प्रकार आमच्याकडे जास्त येतो. तो बोलण्यासाठी बेतलेला, म्हणून रेकॉर्ड ऐकणारे त्याला फारसं मोजत नाहीत. गिटारवाले मात्र शोधत येतात.

एका चॅनेलला ईएल ८४ जातीचा एकच आउटपुट व्हॉल्व्ह असेल तर ताकद ५ वॉटच्या आसपास, दोन व्हॉल्व्ह आलटून पालटून काम करणारी पुश-पुल जोडी असेल तर १० ते १५. आकडा ऐकून हिरमुसू नका, चांगल्या स्पीकरवर एवढ्यात दिवाणखाना भरतो.

व्हॉल्व्हवरची धूळ पुसायचा मोह आवरा, छापील अक्षरं बोटानंही जातात. आम्हाला काचेवरचा बारीक कोडही वाचायचा असतो. मुलार्ड कंपनीच्या व्हॉल्व्हवर त्यात ‘बी’ असेल तर तो इंग्लंडमधल्या ब्लॅकबर्नच्या कारखान्यातला. सालाचा फक्त शेवटचा आकडा असतो, दशक आपण ओळखायचं. काचेच्या आतला चंदेरी डाग पांढराफटक झाला असेल, तर हवा शिरली. तो व्हॉल्व्ह गेला.

पण व्हॉल्व्ह बदलता येतात. किंमत ठरते ती आउटपुट ट्रान्सफॉर्मरवर, म्हणजे व्हॉल्व्ह आणि स्पीकर यांच्या मधल्या ट्रान्सफॉर्मरवर. मेन ट्रान्सफॉर्मर चांगला वाइंडर (तार गुंडाळणारा कारागीर) पुन्हा भरून देतो. आउटपुटमध्ये प्रायमरी आणि सेकंडरी या दोन गुंडाळ्यांचे थर एकाआड एक असतात, ते जसेच्या तसे जमवणारा हात क्वचितच भेटतो. म्हणून आम्ही आधी तोच मोजतो, मग बाकीचं. जुना बाजारातून आणलेल्या चकचकीत पेटीत तो भलताच बसवलेला निघाल्याचंही पाहिलंय. उलट, कुणी कपॅसिटर बदलले असतील तर आम्ही भाव पाडत नाही. काढलेले जुने कपॅसिटर पुडीत जपून ठेवले असतील तर तेही आणा.

आणताना व्हॉल्व्ह उपसू नका. उपसलेच असतील, तर कुठला कुठं होता त्याचा मोबाइलवर फोटो ठेवा आणि प्रत्येक व्हॉल्व्ह वेगळ्या वर्तमानपत्रात गुंडाळा. रिक्षात पेटी पायाशी, व्हॉल्व्हची पिशवी मांडीवर.