लेव्हल रचू देणारे ऑनलाइन बालखेळ

लेव्हल रचू देणारे ऑनलाइन बालखेळ : ज्यांत मुले तयार लेव्हल (खेळाचे टप्पे) खेळतात आणि स्वतः बांधलेली लेव्हल इतरांना खेळायलाही देतात, असे व्हिडिओ गेम. खेळासोबत लेव्हल एडिटर, म्हणजे लेव्हल बांधायचे साधन, देण्याची कल्पना इंटरनेटच्या प्रसाराआधीची आहे. १९८३ च्या ‘लोड रनर’मध्ये १५० लेव्हल होत्या व नव्या बांधायची सोयही होती, पण मुलाने बांधलेली लेव्हल बहुधा त्याच्या फ्लॉपीतच राहायची. २००८ च्या ‘लिटलबिगप्लॅनेट’ने खेळा, बांधा, वाटा हेच आपले सूत्र केले. निन्टेंडोचा ‘सुपर मारिओ मेकर’ (२०१५) हा या प्रकाराचा सर्वांत विचारपूर्वक घडवलेला नमुना म्हणता येईल.

त्यात पडदा चौकटींच्या जाळीत विभागलेला असतो. विटा, पाइप, शत्रू उचलून चौकटीत ठेवायचे आणि एक बटण दाबले की तिथूनच खेळ सुरू. पुन्हा बांधणीकडे वळल्यावर खेळाचा नायक मारिओ याने नुकतीच घेतलेली उडी पुसट आकृत्यांच्या माळेने पडद्यावर उमटलेली दिसते. उडी कुठे कमी पडली हे मुलाला डोळ्यांनी कळते आणि वीट एक घर अलीकडे सरकवता येते. सूचनांची पाने वाचायला लावण्यापेक्षा हे कितीतरी चांगले.

अशा खेळात एडिटर बनवणे तुलनेने सोपे. खरी कसोटी मुलाने ‘पाठवा’ दाबल्यानंतर लागते. मुलांना अशक्य लेव्हल बांधायला मनापासून आवडते. खड्ड्यावर खड्डे, शत्रूंची भिंत, आणि दार कुठेच नाही. म्हणून मारिओ मेकरमध्ये आपली लेव्हल आधी स्वतः पार करून दाखवावी लागे, त्याशिवाय ती अपलोड होत नसे. या एका नियमाने न सुटणाऱ्या लेव्हल अडत, आणि बांधणाऱ्याला खेळणाऱ्याच्या जागी उभे राहावे लागे. सुरुवातीला दहाच लेव्हल अपलोड करता येत. इतरांनी तारे दिले की ही मर्यादा शंभरपर्यंत वाढे.

दुसरी अडचण मजकुराची व आकारांची. लेव्हलच्या नावात मूल सहज आपली शाळा किंवा फोन नंबर लिहून जाते. शब्द गाळणी लावून काही प्रमाणात अडवता येतात. विटांतून काढलेले अश्लील चित्र यंत्राला ओळखणे अवघड. २०१० मध्ये सुरू झालेल्या ‘लेगो युनिव्हर्स’मध्ये मुलांची बांधकामे माणसांकडून तपासून घ्यावी लागत आणि हा खर्च मोठा होता. तो खेळ जानेवारी २०१२ मध्ये बंद झाला. असा खेळ बनवणाऱ्या लहान चमूने लेव्हलचे नाव टाइप करू देण्याऐवजी तयार शब्दांच्या यादीतून जुळवू द्यावे, आणि अभिप्रायासाठी चित्रखुणा ठेवाव्यात. अर्धी चिंता तिथेच मिटते. उघड्या चॅटची या खेळांना गरज नसते.

कायद्याची चौकटही आखणीपासूनच लक्षात घ्यावी लागते. अमेरिकेत १३ वर्षांखालील मुलांची वैयक्तिक माहिती ऑनलाइन गोळा करण्यापूर्वी पालकांची पडताळता येणारी संमती लागते. भारताच्या २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण अधिनियमात ही वयोमर्यादा १८ आहे.

साठवणीचे काम हलके आहे. लेव्हल म्हणजे चित्र नव्हे, कोणत्या चौकटीत कोणती वस्तू याची यादी. त्यामुळे ती थोड्या जागेत मावते. सर्व्हरने मात्र ती यादी पुन्हा तपासावी, कारण हुशार मुले एडिटरला वळसा घालून मर्यादेबाहेरच्या लेव्हल पाठवू पाहतात.

खेळ बंद होताना या लेव्हलचे काय होणार, हे ठरवणे बहुधा राहून जाते. निन्टेंडोच्या वी यू या खेळयंत्रावरील मारिओ मेकरमध्ये नव्या लेव्हल घेणे मार्च २०२१ अखेर थांबले आणि ८ एप्रिल २०२४ रोजी त्याची ऑनलाइन सेवा बंद झाली. त्याआधी खेळाडूंच्या एका गटाने कोणीच पार न केलेल्या लेव्हल शोधून एकेक करून पार केल्या. ज्यांनी लेव्हल आपल्या यंत्रावर उतरवून ठेवल्या होत्या, त्यांना त्या आजही खेळता येतात.