मणक्यातली परांची

रामबागेतल्या आमच्या मामींच्या मणक्याचं फ्यूजन, म्हणजे शेजारचे मणके हाडाने कायमचे जोडायचं ऑपरेशन, ठरलं, तेव्हा शेजारच्या काकूंनी विचारलं, "म्हणजे पाठीत चुना भरणार?" सगळे हसले; पण काकू फार चुकल्या नव्हत्या. मणक्यांमधे हाड धरावं म्हणून जे पांढरे दाणे भरतात, ते कॅल्शियमचेच असतात.

स्क्रू आणि सळ्या मणक्यांना तात्पुरतं धरतात. मधे हाड धरलं नाही, तर धातू थकतो, सळी तुटते किंवा स्क्रू सैल होतो. हाड धरण्यासाठी सगळ्यात खात्रीचा माल रुग्णाच्याच कमरेच्या हाडातला; पण तो बेताचाच निघतो आणि काढलेली जागा पुढे दुखत राहते. म्हणून कृत्रिम दाणे, बहुधा ऑपरेशनमध्ये निघालेल्या हाडाच्या चुऱ्यात मिसळून.

हे दाणे स्वतः हाड होत नाहीत. ती इमारतीची परांची आहे, आणि खरी गंमत ती उतरवण्याच्या वेगात आहे. १८९२ साली जर्मनीत ड्रीसमन यांनी हाडातल्या पोकळ्या चक्क प्लास्टर ऑफ पॅरिसने भरल्या. गणपतीच्या मूर्तीचं हे प्लास्टर तलावात महिनोन्‌महिने तसंच पडून राहतं, शरीरात मात्र काही आठवड्यांतच संपतं. फ्यूजनला सहा महिने ते वर्ष लागतं. म्हणजे भिंत उभी राहण्याआधीच परांची गायब! उलट हाडातल्या खनिजासारखंच असलेलं हायड्रॉक्सिअ‍ॅपटाइट वर्षानुवर्षं हटत नाही. त्यात कॅल्शियम-फॉस्फरसचं प्रमाण १.६७ असतं. ट्रायकॅल्शियम फॉस्फेटमध्ये ते १.५, आणि हा पदार्थ बराच लवकर विरघळतो. म्हणून दोन्ही मिसळतात.

विरघळवतं कोण? थोडं शरीरातलं पाणी, बाकी ऑस्टिओक्लास्ट पेशी. ही पेशी दाण्याला कडेने घट्ट चिकटते आणि खालच्या बंद जागेत आम्ल सोडते. जुनं हाडही ती अशीच खाते. मागून ऑस्टिओब्लास्ट, म्हणजे हाड बांधणाऱ्या पेशी, येऊन कोलॅजनचं जाळं विणतात आणि त्यात खनिज बसतं. त्यासाठी दाण्याला एकमेकांत उघडणारी, निदान ०.१ मिलिमीटरची भोकं हवीत. रक्तवाहिनीच आत शिरली नाही, तर मधे हाड कुठून येणार?

मामींना कुणीतरी कांडवेलीचा लेपही सुचवला. कातडी, चरबी आणि जाड स्नायू ओलांडून तो मणक्यापर्यंत कसा पोचतो, ते सुचवणाऱ्याने सांगावं. धूर हाड जुळण्याच्या आड येतो; त्यापेक्षा मामांची सिगारेट घराबाहेर गेली तर बरं.

आणि हो, दाणे मुळातच एक्स-रेत पांढरे दिसतात. पहिल्या महिन्यातच फिल्मवर पांढरं बघून मामा राजवाड्यावरून पेढे घेऊन आले होते. हाड खरंच जुळलं का, हे पुढे सीटी स्कॅनवर, दाण्यांच्या कडा पुसट होऊन मणक्या-मणक्यांत सलग पूल दिसला, की कळतं.