आधी सुरमई, मग कर्ता

हर्णैच्या वाळूवर मासळीचा लिलाव आटोपला की किरकोळ गिऱ्हाइकांची झुंबड उडते. तिथलं बोलणं साधारण असं असतं: "पापलेट ना, ते आज नाय मिळायचं. सुरमई बघा. परवाची नाय हो, आत्ता उतरवली." उतरवली कुणी? तांडेलानं की खलाशानं, विकणारी सांगत नाही आणि गिऱ्हाईकही विचारत नाही. बोलणं चाललंय सुरमईचं आणि प्रयोग कर्मणी, म्हणून क्रियापदही सुरमईच्याच मागे जातं.

शाळेत कर्ता शोधायची एक युक्ती होती. क्रियापदाला 'णारा' जोडायचा आणि 'कोण?' असं विचारायचं. 'मला भूक लागली' यात लागणारी कोण? भूक. मी 'मला' लिहून गुण घालवला होता. आज वाटतं, उत्तर चुकलं हे खरं, पण कान बरोबर होता. वाक्य माझ्याबद्दलच होतं.

कर्ता आणि बोलण्याचा विषय यांची ही गल्लत मुळात दोन जुन्या परंपरा एकाच फळ्यावर लिहिल्यामुळे झाली. पाणिनीचा कर्ता म्हणजे क्रियेत जो स्वतंत्र तो. बोलणं कुणाविषयी चाललंय याच्याशी त्याचा संबंध नाही. तो विचार केला मीमांसकांनी, म्हणजे वेदवाक्यांचा अर्थ लावणाऱ्या शास्त्रकारांनी. 'जो'सारख्या शब्दासोबत येतं, आधी येतं ते उद्देश्य, म्हणजे ज्याच्याविषयी बोलायचं ते; 'तो' किंवा 'च'सारख्या शब्दासोबत, मागाहून येतं ते विधेय, म्हणजे त्याविषयी जे सांगायचं ते, अशी त्यांची ओळखीची खूण. पुढे इंग्रजी व्याकरणाच्या वळणानं वाक्यपृथक्करण आलं, तेव्हा 'सब्जेक्ट' आणि 'प्रेडिकेट' यांना हीच जोडी चिकटवली गेली. दादोबा पांडुरंग तर्खडकरांचं व्याकरण 1836 चं, तर मोरो केशव दामल्यांचं 'शास्त्रीय मराठी व्याकरण' 1911 चं. दामले हे केशवसुतांचे भाऊ, म्हणजे घराणं गणपतीपुळ्याशेजारच्या मालगुंडचं. मराठी प्रयोगांचा इतका बारीक कीस क्वचितच कुणी काढला असेल. पण समोर असायची ती लिहिलेली वाक्यं. बोलणं पकडून ठेवायला यंत्र हवं, आणि ते अजून व्याकरणकारांच्या हाताशी नव्हतं.

युरोपात गेओर्ग फोन डेर गाबेलेंट्स या जर्मन भाषाशास्त्रज्ञानं 1869 मध्ये 'मानसिक उद्देश्य' ही कल्पना मांडली: बोलणारा ऐकणाऱ्याचं लक्ष आधी जिकडे वळवतो ते. प्राग मंडळ या भाषाशास्त्रज्ञांच्या गटातल्या विलेम माथेसिऊसनं तिला पुढे नेलं. 1976 मध्ये चार्ल्स ली आणि सँड्रा थॉम्प्सन या भाषाशास्त्रज्ञांनी भाषांची वाटणीच करून टाकली. काही भाषांची वाक्यं कर्त्याभोवती बांधलेली, काहींची विषयाभोवती. चिनी दुसऱ्या गटात, जपानी आणि कोरियन दोन्हीकडे, आणि युरोपीय भाषा पहिल्या गटात. मराठी कुठे बसवायची? "हापूस ना, साल पातळ असते त्याची." विषय पुढे काढून ठेवला, पण मागे 'त्याची' असा दोरा सोडलाच. मला तरी ती दोन होड्यांत पाय ठेवून उभी दिसते.

खरी कलाटणी दिली ती ध्वनिमुद्रणानं. अमेरिकन भाषाशास्त्रज्ञ वॉलेस चेफ यांच्या गटानं सत्तरच्या दशकात एक छोटा, संवाद नसलेला चित्रपट बनवला. एक माणूस नासपती उतरवतो, सायकलवरून आलेला मुलगा टोपली पळवतो. लोकांना तो दाखवून गोष्ट सांगायला लावली. त्यातून दिसलं, की माणूस तुकड्यातुकड्यानं बोलतो आणि एका तुकड्यात एकाहून जास्त नवी गोष्ट सहसा घालत नाही. जॉन द्यु बुआ यांनी 1987 मध्ये ग्वातेमालातल्या साकापुल्तेक माया भाषेत आणखी नेमकं दाखवलं. सकर्मक क्रियापदाचा कर्ता पूर्ण नाम म्हणून फार कमी येतो. तो आधीच माहीत असतो, म्हणून गाळला जातो किंवा सर्वनामावर भागतं. नवं पात्र येतं ते बहुधा कर्म म्हणून किंवा अकर्मक क्रियापदासोबत. 'आत्ता उतरवली' हे तेच की! आणि पूर्ण झालेल्या सकर्मक क्रियेत मराठी त्याला, तिला 'ने' लावते (त्यानं, तिनं), पण जे समोरासमोर असतात त्या 'मी' आणि 'तू'ला आज लावत नाही. जुन्या मराठीत मात्र 'म्यां', 'त्वां' होतेच.

कोकणातल्या बोलींचे नमुने त्याआधीच गोळा झाले होते. ग्रिअर्सन या इंग्रज अधिकाऱ्यानं केलेल्या भारतीय भाषांच्या सर्वेक्षणाचा मराठीवरचा सातवा खंड 1905 चा. ठिकठिकाणाहून मागवलेला मजकूर म्हणजे मुख्यतः बायबलातल्या उधळ्या पुत्राच्या गोष्टीचं भाषांतर. मालवणीत तिचा आरंभ असा होईल: "एका माणसाक दोन झील होते." पहिल्याच वाक्यात बाप 'क' (म्हणजे 'ला') लावून पुढे उभा, क्रियापद मात्र 'झील', म्हणजे मुलांशी जुळलेलं. पण समोर कागद ठेवून केलेलं भाषांतर वेगळं आणि अंगणात पानाचा डबा उघडून सांगणं वेगळं. तिथं बाबल्याचा विषय निघाला की "बाबल्याचो झील मुंबैक आसता" असं सरळ कुणी म्हणत नाही. "बाबल्याचो झील मां, तो मुंबैक आसता" असं येतं; 'मां' म्हणजे आपला 'ना'. आधी माणूस डोळ्यांसमोर, मग त्याची बातमी. ऐकणाऱ्यानं "हां" म्हणून ओळख पटवली, की पुढच्या चार वाक्यांत ना झील येतो ना 'तो'.

अलीकडे डेक्कन कॉलेजानं राज्य मराठी विकास संस्थेसोबत बोलींचं नवं सर्वेक्षण हाती घेतलं, त्यात माणसांचं बोलणं ध्वनिमुद्रित केलं आहे. असं ध्वनिमुद्रण कागदावर उतरवताना हात आपोआप साफसफाई करतो, असा माझा अनुभव. 'ना' गळतो, 'मां' गळतो, दुसऱ्यांदा आलेला 'तो' चूक समजून खोडला जातो, आणि गाळलेला कर्ता कंसात भरला जातो.