कॉमिकवरचे सिनेमे मुलांचे की मोठ्यांचे? वादामागची सत्तर वर्षं

सुपरहिरोंचा नवा सिनेमा आला की दोन तक्रारी ठरलेल्या असतात. एक पालकांची: एवढी मारामारी, एवढा अंधार, पोरांना घेऊन जायचं कसं? दुसरी मोठ्या चाहत्यांची: फारच पोरकट केलाय, कॉमिकमधली धार गेली. हल्ली यात तिसरं मत ऐकू येतं आणि मला ते सर्वांत पटतं. घरातल्या सगळ्यांनी एकत्र बसून पाहावेत असे कॉमिकवरचे सिनेमे आता अ‍ॅनिमेशनमध्येच बनतात. ही वेळ का आली, हे समजायला 1954 सालच्या न्यूयॉर्कमध्ये जावं लागतं.

त्या वेळी अमेरिकेत कॉमिक ही फक्त मुलांची चीज नव्हती. दुसऱ्या महायुद्धात सैनिक ती आवडीने वाचत. युद्धानंतर सुपरहिरोंची लाट ओसरली आणि गुन्हेगारी व भयकथांची कॉमिक जोरात खपू लागली. त्यातली काही खरोखरच भयानक होती. फ्रेडरिक वर्थम हे मनोविकारतज्ज्ञ हार्लेममधल्या गरीब कृष्णवर्णीय मुलांवर उपचार करत. ही मुलं कॉमिक वाचतात, म्हणून ती गुन्ह्यांकडे वळतात, असा निष्कर्ष त्यांनी काढला आणि 1954 मध्ये त्यावर पुस्तक लिहिलं. पण तेव्हा जवळजवळ सगळीच मुलं कॉमिक वाचत होती. पुढे 2012 साली कॅरल टिली या संशोधिकेने वर्थम यांची मूळ टिपणं तपासून दाखवून दिलं, की त्यांनी मुलांचे जबाब सोयीप्रमाणे बदलले होते, जोडले होते. वर्थम यांची मुलांविषयीची कळकळ खरी होती असं मला वाटतं. म्हणूनच त्यांचा पुरावा कच्चा निघणं मनाला जास्त लागतं.

त्याच वर्षी अमेरिकी सिनेटच्या उपसमितीने न्यूयॉर्कमध्ये सुनावणी घेतली. प्रकाशक विल्यम गेन्स स्वतःहून साक्षीला आले. सिनेटर केफॉवर यांनी त्यांच्यापुढे एक मुखपृष्ठ धरलं: एका हातात कुऱ्हाड, दुसऱ्या हातात बाईचं तोडलेलं मुंडकं. हे सुरुचीला धरून आहे का, असा प्रश्न होता. भयकथेच्या कॉमिकसाठी आहे, असं गेन्स म्हणाले. त्या उत्तराने कॉमिकवाल्यांची बाजू पार ढासळली. सरकारने बंदी घालण्याआधी प्रकाशकांनी ऑक्टोबर 1954 मध्ये स्वतःच ‘कॉमिक्स कोड’ लागू केला. नियम काटेकोर होते. शेवटी सत्याचाच जय व्हायला हवा. पोलीस आणि न्यायाधीश यांच्याविषयी अनादर वाटेल असं काही दाखवायचं नाही. पिशाच्चं, चालती प्रेतं वर्ज्य. कोडचा शिक्का नसलेलं कॉमिक विक्रेते ठेवायला तयार नसत.

भयकथा संपल्या. या नियमांत निर्धोकपणे बसणारे उरले ते सुपरहिरो. सुपरहिरो म्हणजे लहान मुलांचं काहीतरी, हा समज आज इतका मुरला आहे, पण त्याला बळ मिळालं ते या कोडमुळे. कोडच्या चौकटीत राहूनही स्टॅन ली आणि स्टीव्ह डिटको यांनी 1962 मध्ये स्पायडरमॅन आणला. घरभाड्याची चिंता करणारा, चुकणारा, पश्चात्ताप करणारा शाळकरी मुलगा. 1971 मध्ये अमेरिकी आरोग्य खात्याच्याच विनंतीवरून ली यांनी अमली पदार्थांच्या दुष्परिणामांवर कथा लिहिली, तर कोडने शिक्का नाकारला. मार्व्हलने ते अंक शिक्क्याविना छापले. ते खपले आणि कोड सैल झाला. त्यानंतर तो हळूहळू निष्प्रभ होत 2011 मध्ये कायमचा बंद पडला.

सिनेमात हीच ओढाताण वेगळ्या वाटेने आली. 1984 मध्ये अमेरिकेत ‘पीजी-13’ हे नवं प्रमाणपत्र सुरू झालं. अगदी लहानांसाठी नाही, पण फक्त प्रौढांसाठीही नाही, अशी ती मधली जागा. पुढे मोठ्या सुपरहिरोपटांनी तिथेच मुक्काम ठोकला. पण खेळणी आणि खाऊ विकायचा तो लहान मुलांनाच. 1992 मध्ये टिम बर्टन यांचा दुसरा बॅटमॅनपट आला. तो काळोखा होता, अस्वस्थ करणारा होता, आणि त्याची खेळणी मॅकडोनाल्ड्सच्या मुलांच्या जेवणासोबत मिळत होती. पालक भडकले. मालिकेची सूत्रं दुसऱ्या दिग्दर्शकाकडे गेली आणि बॅटमॅन झगमगीत झाला.

याच 1992 च्या सप्टेंबरात अमेरिकी टीव्हीवर बॅटमॅनची अ‍ॅनिमेशन मालिका सुरू झाली. माझ्या मते इथे दिशा खऱ्या अर्थाने बदलली. ब्रूस टिम आणि एरिक रॅडॉम्स्की यांच्या या मालिकेची पार्श्वचित्रं काळ्या कागदावर रंगवली जात. अंधार आधीपासूनच असायचा, चित्रकार त्यात उजेड भरायचा. मुलांच्या कार्यक्रमांवरची सगळी बंधनं तिला लागू होती. रक्त नाही, मृत्यू जवळजवळ नाही. तरी मिस्टर फ्रीझ हा एरवीचा फुटकळ खलनायक तिथे आजारी बायकोला वाचवू न शकलेला नवरा झाला. आठ वर्षांच्या मुलालाही ते दुःख कळत होतं. भीतीदायक काही न दाखवता गंभीर राहता येतं, हे या मालिकेने सिद्ध केलं. तिच्यासाठी घडवलेली हार्ली क्विन ही खलनायिका पुढे कॉमिकमध्ये गेली, म्हणजे प्रवाह उलटा वाहिला.

2004 मध्ये पिक्सार या स्टुडिओसाठी ब्रॅड बर्ड यांनी ‘द इन्क्रेडिबल्स’ या सिनेमात एक सुपरहिरो कुटुंबच उभं केलं. नोकरीला कंटाळलेला बाप, घर सांभाळणारी आई, आपली शक्ती लपवावी लागणारी पोरं. ते कोणत्याही कॉमिकवरून घेतलेलं नव्हतं, तरी कॉमिकचा आत्मा त्यात पुरेपूर होता.

मग 2018 मध्ये ‘स्पायडर-व्हर्स’ या स्पायडरमॅनपटांच्या मालिकेचा पहिला भाग आला आणि अ‍ॅनिमेशन कॉमिकच्या कागदाकडेच परतलं. जुन्या स्वस्त छपाईतले रंगांचे ठिपके, किंचित सरकलेले रंग, हवेत उमटणारे शब्द हे सगळं मुद्दाम ठेवलं होतं. त्यातला माइल्स हा नवा स्पायडरमॅन नवशिका आहे, म्हणून बऱ्याच दृश्यांत त्याच्या हालचालीची सेकंदाला 12 चित्रं, तर पीटर या मुरलेल्या स्पायडरमॅनची 24. माइल्सला जमू लागतं तशी त्याची चालही सफाईदार होते. लहान मुलाला हे शब्दांत सांगता येणार नाही, पण जाणवतं नक्की. चित्रपटाला 2019 मध्ये सर्वोत्कृष्ट अ‍ॅनिमेशनपटाचं ऑस्कर मिळालं ते अगदी योग्य होतं. त्यानंतर निन्जा कासवांचा 2023 चा सिनेमाही शाळकरी वहीतल्या चित्रांसारखा खडबडीत दिसला. ही कासवं 1984 मध्ये जन्मली ती एका कृष्णधवल, बऱ्यापैकी हिंसक कॉमिकमध्ये. मुलांची लाडकी ती 1987 च्या टीव्ही मालिकेमुळे झाली.

आपल्याकडे परदेशी कॉमिक पोचली ती मुख्यतः मुंबईहून 1964 पासून निघणाऱ्या इंद्रजाल कॉमिक्समधून. मराठी घरांत वेताळ (म्हणजे फँटम) आणि जादूगार मँड्रेक तिथूनच आले. 2004 मध्ये शरद देवराजन, सुरेश सीतारामन आणि जीवन कांग यांनी भारतीय स्पायडरमॅन पवित्र प्रभाकर घडवला. 2023 च्या ‘स्पायडर-व्हर्स’मध्ये तो मुंबई आणि मॅनहॅटन एकवटलेल्या मुंबॅटन शहरात भेटला. तो भाग भारतात 10 भाषांत आला, त्यांत मराठीही होती.

आपलं सिनेमाचं प्रमाणपत्रही अलीकडे बदललं आहे. 1983 पासून चालत आलेल्या ‘यूए’चे, म्हणजे मुलांनी पालकांच्या मार्गदर्शनाखाली पाहायच्या गटाचे, 2023 च्या कायदादुरुस्तीने 7, 13 आणि 16 वर्षं असे तीन टप्पे झाले. सात वर्षांचं पोर आणि पंधरा वर्षांचा मुलगा यांना एकाच गटात टाकणं चूकच होतं, त्यामुळे पालकांसाठी ही मोठी सोय आहे. ‘स्पायडर-व्हर्स’चा पुढचा भाग मराठीतही यावा, आणि शाळा सुटल्यावर मुलांना गाठता येतील अशा वेळांचे खेळ त्याला मिळावेत.