समावेशित शिक्षणाची स्थानिक भागीदारी व तिचे नेतृत्व (नाशिक जिल्हा)

दिव्यांग आणि विशेष गरजा असलेल्या मुलांना घराजवळच्या नेहमीच्या शाळेत, बरोबरीच्या मुलांसोबत शिकता यावे यासाठी शाळा, पालक, अंगणवाडी, आरोग्य यंत्रणा, ग्रामपंचायत, विशेष शाळा आणि स्वयंसेवी संस्था एखाद्या परिसरात मिळून जे काम करतात, त्याला समावेशित शिक्षणाची स्थानिक भागीदारी म्हणता येईल. वेगवेगळ्या खात्यांतील माणसांना एकत्र बसवणारी आणि ठरलेले काम तडीस नेणारी मंडळी हे तिचे नेतृत्व. नाशिक जिल्ह्यात हे नेतृत्व जिल्हा परिषदेपासून सुरगाण्यातील पाड्यापर्यंत विखुरलेले आहे. त्याचा खरा भार मात्र केंद्रप्रमुख (आसपासच्या दहा-बारा शाळांच्या गटाचे, म्हणजे ‘केंद्रा’चे प्रमुख), विशेष शिक्षक आणि मुख्याध्यापक या मधल्या फळीवर पडतो.

कायद्याची पार्श्वभूमी

केंद्र सरकारने १९७४ मध्ये अपंग मुलांसाठी एकात्म शिक्षणाची योजना सुरू केली. त्या काळच्या समजुतीनुसार मुलाने शाळेशी जुळवून घ्यायचे होते. जून १९९४ मध्ये स्पेनमधील सालामांका येथे झालेल्या जागतिक परिषदेने ही बाजू उलटवली आणि शाळेनेच मुलाप्रमाणे बदलावे, अशी भूमिका मांडली. भारताने १ ऑक्टोबर २००७ रोजी संयुक्त राष्ट्रांच्या दिव्यांग हक्क कराराला अनुसमर्थन दिले. त्याचे कलम २४ शिक्षणाविषयी आहे. बालकांच्या मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा हक्क अधिनियम १ एप्रिल २०१० पासून अंमलात आला. २०१२ च्या दुरुस्तीने दिव्यांग बालकाचा समावेश ‘वंचित गट’ या व्याख्येत झाला आणि तीव्र किंवा बहुविध दिव्यांगत्व असलेल्या मुलाला घरी राहून शिकण्याचा पर्यायही मिळाला.

दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ हा १९ एप्रिल २०१७ पासून लागू आहे. १९९५ च्या कायद्यात दिव्यांगत्वाचे ७ प्रकार होते, ते आता २१ झाले. लक्षणीय म्हणजे किमान ४० टक्के दिव्यांगत्व असलेल्या ६ ते १८ वयोगटातील मुलांना जवळच्या शाळेत किंवा पसंतीच्या विशेष शाळेत मोफत शिक्षणाचा हक्क या कायद्याने दिला. २०१८ पासून या कामाचा बराचसा निधी समग्र शिक्षा योजनेतून येतो. राज्यात ही योजना महाराष्ट्र प्राथमिक शिक्षण परिषद राबवते. मदतनीस भत्ता, प्रवास भत्ता, मुलींसाठी प्रोत्साहन भत्ता, साहित्य-साधने आणि गृहाधारित शिक्षण हे सगळे याच योजनेत येते.

भागीदारीची गरज का पडते

एकच मूल किती खात्यांच्या दारात उभे असते, हे पाहिले की गरज ध्यानात येते. सहा वर्षांपर्यंत ते अंगणवाडीत, म्हणजे महिला व बालविकास विभागाकडे. त्याची तपासणी राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाच्या पथकाकडून होते, ते सार्वजनिक आरोग्य विभागाचे. हे पथक अंगणवाडीत वर्षातून दोनदा आणि शाळेत एकदा येते. पहिलीत गेले की मूल शालेय शिक्षण विभागाचे. आश्रमशाळेत गेले तर आदिवासी विकास विभागाचे, ज्याचे राज्याचे आयुक्तालय नाशकातच आहे. विशेष शाळेत गेले तर दिव्यांग कल्याण विभागाचे. हा विभाग डिसेंबर २०२२ मध्ये स्वतंत्र झाला, तोवर हा कारभार सामाजिक न्याय विभागाकडे होता. दिव्यांगत्वाचे प्रमाणपत्र आणि यूडीआयडी कार्ड (दिव्यांगांचे ओळखपत्र) यांसाठी पुन्हा सरकारी रुग्णालय गाठावे लागते.

प्रत्येक खात्याचे स्वतःचे पोर्टल, स्वतःची नोंदवही आणि स्वतःचा मार्चअखेर असतो. मुलाची माहिती एका खात्यातून दुसऱ्यात आपोआप जात नाही. २०१६ च्या कायद्याच्या कलम ७२ नुसार दिव्यांगांसाठी जिल्हास्तरीय समिती असते. पण तालुक्याला किंवा शाळांच्या केंद्राला या सगळ्या खात्यांना एका टेबलाशी बांधून ठेवणारी कायदेशीर रचना नाही. इंग्लंडमध्ये २०१४ च्या बालक व कुटुंब अधिनियमाने स्थानिक प्रशासन आणि आरोग्य यंत्रणा यांच्यावर अशा मुलांसाठी संयुक्त नियोजनाची जबाबदारीच टाकली आहे. आपल्याकडे तालुकापातळीवर ही गाठ माणसांनी मारायची असते. म्हणूनच येथे नेतृत्वाला इतके महत्त्व येते. ते निघून गेले की भागीदारीही विरते.

जिल्ह्याचे स्वरूप

नाशिक जिल्ह्यात १५ तालुके आहेत आणि २०११ च्या जनगणनेनुसार लोकसंख्या ६१ लाखांच्या वर होती. एकच आराखडा सगळीकडे चालत नाही. नाशिक शहरात महापालिकेच्या व खासगी शाळा, विशेष शाळा, उपचारतज्ज्ञ आणि जिल्हा रुग्णालय हाताशी आहेत. तेथील प्रश्न मुख्यतः प्रवेशाचा आणि शाळेच्या मनोवृत्तीचा. मालेगावात उर्दू माध्यमाच्या शाळांची संख्या मोठी आहे, त्यामुळे उर्दू वाचता-लिहिता येणारा विशेष शिक्षक लागतो. पेठ, सुरगाणा, त्र्यंबकेश्वर आणि इगतपुरीच्या घाटमाथ्यावर पाडे विखुरलेले आहेत आणि पावसाळ्यात रस्ता हाच पहिला अडथळा ठरतो.

पश्चिम पट्ट्यातील दोन गोष्टी वेगळ्या नोंदवायला हव्यात. पहिली भाषेची. कोकणी किंवा डांगी ही आदिवासी बोली बोलत वाढलेले मूल पहिलीत प्रमाण मराठीपुढे गप्प बसते, आणि घाईच्या पडताळणीत त्याच्या नावापुढे ‘मतिमंद’ अशी खूण पडू शकते. जाणता केंद्रप्रमुख अशा वेळी त्याच पाड्यातील अंगणवाडी सेविकेला किंवा आजीला शेजारी बसवून मुलाशी त्याच्या बोलीत बोलून घेतो. दुसरी गोष्ट सिकलसेलची. सिकलसेल हा रक्ताचा आनुवंशिक आजार २०१६ च्या कायद्याच्या यादीतील २१ प्रकारांपैकी एक असून आदिवासी समाजांत तो अधिक आढळतो. अशा मुलाला थंडीत हातापायांत असह्य कळा येतात, दम लागतो, शाळा बुडते. दिसायला ते धडधाकट असते, म्हणून ‘कामचुकार’ हा शिक्का लवकर बसतो. त्याला भरपूर पाणी, ऊब, कवायतीतून सूट आणि बुडालेला अभ्यास भरून काढण्याची सोय लागते. यातले काहीच खर्चिक नाही. आश्रमशाळेच्या अधीक्षकाला आणि वर्गशिक्षकाला हा आजार कुणीतरी नीट समजावून सांगणे एवढेच लागते, आणि ते काम आरोग्य पथकाचे की शाळेचे, यावरच गाडी अडते.

द्राक्षबागांच्या छाटणीसाठी सुरगाणा-पेठकडची कुटुंबे निफाड, दिंडोरीकडे उतरतात. मुलाबरोबर शिक्षण हमी पत्रक, म्हणजे नव्या गावी त्याची शाळा सुरू राहावी यासाठीचा कागद, दिले जाते. त्यावर त्याच्या विशेष गरजेची नोंद आणि नव्या केंद्राला एक फोन एवढे झाले तरी दिव्यांग मुलाची शाळा तुटत नाही.

मधली फळी

राज्यात साधारण दहा-बारा शाळांचे मिळून एक केंद्र असते आणि त्याचा प्रमुख केंद्रप्रमुख. कोठारी आयोगाने (१९६४–६६) शाळा संकुलाची कल्पना मांडली होती. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० ने ती पुन्हा पुढे आणताना विशेष शिक्षक अशा संकुलातील शाळांनी वाटून घ्यावेत, असे सुचवले. केंद्राची शिक्षण परिषद, म्हणजे केंद्रातील शिक्षकांची बैठक, ही त्यासाठी तयार असलेली जागा आहे. परिषदेचा वेळ परिपत्रके वाचण्यात आणि ऑनलाइन माहिती भरण्याच्या आठवणी देण्यात गेला, तर समावेशित शिक्षण विषयपत्रिकेच्या शेवटच्या ओळीत राहते. जेथे केंद्रप्रमुख दर वेळी दोन-तीन मुलांची नावे घेऊन ‘याचे पुढे काय झाले?’ असे विचारतो, तेथे काम पुढे सरकते. माझ्या मते या भागीदारीच्या नेतृत्वाची सर्वांत खरी कसोटी हा एक प्रश्न आहे.

श्रवणयंत्राचे उदाहरण घेण्याजोगे आहे. मोजमाप शिबिरात कान तपासले जातात, काही महिन्यांनी यंत्र हातात पडते, फोटो निघतो, साहित्य वाटपाच्या रकान्यात खूण होते. यंत्राला बटणाएवढा सेल लागतो. तो फार दिवस पुरत नाही आणि आठवडे बाजारात मिळेल याचा भरवसा नसतो. कानात बसणारा साचा मूल वाढते तसा सैल होतो. मग यंत्र शिट्टी मारू लागते, वर्गातली मुले वळून बघतात, आणि मुलगी ते काढून दप्तराच्या तळाशी टाकते. कागदावर ती ‘लाभार्थी’ असते, वर्गात तिला फळ्याकडे पाठ करून बोलणाऱ्या शिक्षकाचे काहीही ऐकू येत नाही. हे सोडवायला चार माणसे लागतात: साचा सैल झाल्याचे ओळखणारा विशेष शिक्षक, सेलची तजवीज करणारा मुख्याध्यापक, नवा साचा घ्यायला नाशिकला नेणारे पालक आणि तिला पहिल्या बाकावर, आपला चेहरा दिसेल असे बसवणारी वर्गशिक्षिका. चौघांपैकी एकाने जरी हात सोडला तरी यंत्र पुन्हा दप्तरात जाते.

उताराचेही तसेच. मानकानुसार रॅम्पचे प्रमाण १:१२ असते, म्हणजे जोते दीड फूट उंच असेल तर उतार अठरा फूट लांब हवा. जागा नाही म्हणून तो सहा फुटांत उरकला, तर चाकाची खुर्ची वर चढवायला दोन मोठी माणसे लागतात आणि उतरताना ती उलटण्याचा धोका असतो. उताराचे टोक फरशीला न मिळता तांबड्या चिखलात संपत असेल, तर जून ते सप्टेंबर त्याचा उपयोग शून्य. शौचालयापर्यंत उतार नसेल तर मूल दिवसभर पाणी पीत नाही. बांधकाम सुरू असताना सरपंच, ग्रामसेवक आणि मुख्याध्यापक यांनी मिळून टेप धरला, तर हे टळते. ग्रामपंचायतीने स्वउत्पन्नाच्या ५ टक्के रक्कम दिव्यांगांसाठी खर्च करायची असते, त्यामुळे सरपंचाचे या भागीदारीतील स्थान शोभेचे नाही.

पालकांचे स्थान

शाळा व्यवस्थापन समितीत तीन चतुर्थांश सदस्य पालक आणि निम्म्या महिला असाव्यात, हे बहुतेकांना ठाऊक असते. शिक्षण हक्क कायद्याच्या त्याच कलम २१ मध्ये वंचित गटातील बालकांच्या पालकांना प्रमाणशीर प्रतिनिधित्व द्यावे, असेही आहे. आणि २०१२ पासून दिव्यांग बालक वंचित गटात मोडते. दोन्ही तरतुदी शेजारी ठेवून वाचल्या की समितीवर दिव्यांग मुलांच्या पालकांना बसवणे ही मेहेरबानी उरत नाही, तो कायदा आहे. हीच व्याख्या खासगी विनाअनुदानित शाळांतील २५ टक्के राखीव प्रवेशांनाही लागू पडते.

प्रत्यक्षात अशी आई समितीच्या बैठकीला आली तरी मागे बसते. तिची मजुरी बुडालेली असते, आणि आपल्या मुलाचे ओझे शाळेवर पडते आहे, असे तिला सतत ऐकवलेले असते. तिला बोलते करणे हे अध्यक्षाचे आणि मुख्याध्यापकाचे काम आहे. मुलाला कोणत्या वेळी झटका येतो, तो कशाने शांत होतो, त्याला नक्की काय समजते, हे तिच्याइतके कोणत्याही अहवालाला माहीत नसते.

संस्थांचे पाठबळ

नाशिकला या क्षेत्रातील संस्थांची जुनी परंपरा आहे. रजनी लिमये यांनी १९७७ मध्ये सुरू केलेल्या प्रबोधिनीने बौद्धिक दिव्यांग मुलांच्या शिक्षणाचा पाया घातला. दृष्टिबाधितांसाठी काम करणाऱ्या राष्ट्रीय संस्थेच्या महाराष्ट्र शाखेचे, म्हणजे ‘नॅब’चे, मुख्य केंद्र नाशकात आहे. कर्णबधिर मुलांसाठी माई लेले श्रवण विकास विद्यालय आणि पडसाद कर्णबधिर विद्यालय आहेत. शिक्षक प्रशिक्षणाची जबाबदारी जिल्हा शिक्षण व प्रशिक्षण संस्थेकडे असते.

समावेशित शाळा वाढल्या की विशेष शाळा बंद पडतील, अशी भीती दोन्ही बाजूंना वाटते. ती अनाठायी आहे. ब्रेल, खुणांची भाषा, वाचाउपचार यांतील अनेक वर्षांचे कसब विशेष शाळांकडे आहे आणि ते सामान्य शाळेतील शिक्षकापर्यंत पोहोचणे, हा भागीदारीचा सर्वांत मोठा लाभ ठरू शकतो. विशेष शाळेतील शिक्षकाने महिन्यातून एखादा दिवस जवळच्या केंद्रात घालवायचा तर दोन विभागांची परवानगी लागते. येथे जिल्हा परिषदेच्या मुख्य कार्यकारी अधिकाऱ्याची एक सही महिन्यांचा पत्रव्यवहार वाचवू शकते. वरच्या नेतृत्वाकडून मधल्या फळीची मुख्य अपेक्षा हीच असते.

मनुष्यबळाचा प्रश्न

समग्र शिक्षेतील विशेष शिक्षक आणि विशेष तज्ज्ञ वर्षानुवर्षे कंत्राटी तत्त्वावर काम करत आले. सर्वोच्च न्यायालयाने २०२१ मध्ये प्राथमिक स्तरावर दहा आणि पुढील स्तरावर पंधरा विशेष विद्यार्थ्यांमागे एक विशेष शिक्षक असे प्रमाण ठरवून दिले. त्यानंतर राज्य सरकारने २०२४ मध्ये केंद्रस्तरावर विशेष शिक्षकांची ४,८६० पदे निर्माण करण्यास मान्यता दिली. केंद्रामागे एक पद हा मोठा बदल आहे. तरीही डोंगराळ केंद्रात एका शिक्षकाला सगळ्या शाळा फिरायच्या असतात, आणि दृष्टिदोषाचे प्रशिक्षण घेतलेल्याला स्वमग्न मुलासोबतही काम करावे लागते.

दुसरी अडचण बदल्यांची. एखादा गटशिक्षणाधिकारी सगळ्या खात्यांना एकत्र आणतो, बैठका सुरू होतात, मुलांची एकत्र यादी तयार होते आणि त्याची बदली होते. यादी त्याच्या लॅपटॉपवर राहते. यावर काही मुख्याध्यापक वापरतात तो उपाय साधा आहे: प्रत्येक विशेष गरजा असलेल्या मुलाची एक फाईल शाळेत ठेवायची. तिच्यात प्रमाणपत्राची प्रत, साधनाच्या दुरुस्तीची तारीख, पालकांचे म्हणणे आणि मागील शिक्षकाने कोणती पद्धत वापरली ते चार ओळींत लिहिलेले असते. ही फाईल दहावीला विशेष कामी येते. लेखनिक, ताशी किमान २० मिनिटांचा वाढीव वेळ यांसारख्या सवलतींसाठी विभागीय मंडळाकडे प्रस्ताव पाठवताना आठवी-नववीपासूनची कागदपत्रे हाताशी असली, तर परीक्षेच्या तोंडावर पालकांना रुग्णालयाच्या रांगेत उभे राहावे लागत नाही.