टेक्निकल डॉक्युमेंटेशनमध्ये एआयचा वापर

सॉफ्टवेअर किंवा मशीन कसं बसवायचं, कसं वापरायचं, अडलं तर काय करायचं हे सांगणारं जे लिखाण असतं, म्हणजे युजर मॅन्युअल, एपीआय रेफरन्स (एका प्रोग्रॅमने दुसऱ्याशी कसं बोलायचं ते), रीडमी (प्रोजेक्टची ओळख करून देणारी फाइल), रिलीज नोट्स (नव्या आवृत्तीत काय बदललं ते) वगैरे, ते लिहायला आणि लिहून झाल्यावर ताजं ठेवायला लँग्वेज मॉडेलची, म्हणजे चॅटजीपीटीसारख्या मजकूर लिहिणाऱ्या एआयची, मदत घेणं, असा हा प्रकार. यातला 'ताजं ठेवायला' हा भाग बहुतेक जण विसरतात आणि खरी मेख तिथेच आहे. डॉक्स, म्हणजे हेच लिखाण, एकदा लिहून होतात, कोड मात्र रोज बदलतो. समजा टाइमआउट (उत्तराची किती वेळ वाट बघायची ते) ३० सेकंदांचा १० केला, ज्याने केला त्याने कोड मर्ज केला, म्हणजे मुख्य कोडमध्ये मिसळला, आणि चहाला गेला, डॉक्समध्ये ३० तसंच राहिलं, मग सहा महिन्यांनी कुणीतरी त्या ३० वर भरवसा ठेवून आपला प्रोग्रॅम लिहितो आणि दोन दिवस डोकं धरून बसतो की चुकतंय कुठे. अशी शिळी डॉक्स नसलेल्या डॉक्सपेक्षा वाईट, कारण डॉक्स नसली तर माणूस निदान विचारायला तरी जातो.

एआयच्या आधी

डॉक्स मशीनकडून करून घ्यायची हौस जुनीच आहे. युनिक्सचं पहिलं मॅन्युअल केन थॉम्पसन आणि डेनिस रिची यांनी लिहिलं, त्यावर तारीख आहे ३ नोव्हेंबर १९७१. त्यात कमांडच्या पानावर खाली 'बग्ज' असा एक रकाना असायचा, म्हणजे लिहिणारा स्वतःच सांगायचा की इथे हे नीट चालत नाही. हा प्रामाणिकपणा लक्षात ठेवा, पुढे लागेल. नव्वदच्या दशकात जावाडॉक आलं, १९९७ च्या सुमारास डॉक्सिजन आलं, ही टूल्स कोडमधल्या कॉमेंट (माणसांसाठी लिहिलेल्या टिपा) उचलून त्यांची पानं बनवतात. पण स्वतःचं एक वाक्यही लिहीत नाहीत, आडात नसेल तर पोहऱ्यात येणार नाही असा रोखठोक कारभार. कॉमेंट रिकामी तर पानही रिकामं.

मग २००४ मध्ये मार्कडाऊन (साध्या मजकुरातच मथळे, लिंक द्यायची पद्धत) आणि २००८ मध्ये पायथॉन या प्रोग्रॅमिंग भाषेवाल्यांचं स्फिंक्स हे डॉक्सची पानं बनवणारं टूल आलं आणि हळूहळू डॉक्सही कोडशेजारी गिटमध्ये (कोडच्या बदलांची नोंद ठेवणाऱ्या टूलमध्ये) राहायला लागली, त्याला 'डॉक्स ॲज कोड' म्हणतात. आता हे ऐकायला किरकोळ वाटतं, पण कोड आणि डॉक्स एकाच घरात नांदायला लागले म्हणूनच पुढे मॉडेलला दोन्ही एकदम दाखवता आले. २०२१ मध्ये कोड सुचवणारं गिटहब कोपायलट आलं, नोव्हेंबर २०२२ मध्ये चॅटजीपीटी, आणि मग रिकामं पान ही अडचणच राहिली नाही. अडचण उलटी झाली, पानं भराभर भरायला लागली.

काय जमतं, काय नाही

मॉडेलला एखादं फंक्शन देऊन सांगितलं की याचं वर्णन लिही, तर ते दहा सेकंदांत लिहितं आणि वर वर बघता चांगलं लिहितं. जरा जवळून बघू. फंक्शन बँकेच्या सर्व्हरला रिक्वेस्ट पाठवतं, आणि दोन रिक्वेस्टच्या मध्ये एक ओळ आहे, दोन सेकंद थांब. मॉडेल लिहिणार: 'हे फंक्शन रिक्वेस्ट पाठवतं, दोन सेकंद थांबतं आणि पुढची रिक्वेस्ट पाठवतं.' बरोबर आहे, पण हे तर कोड वाचूनही कळतच होतं. का थांबतं? कारण समोरचा सर्व्हर पाठोपाठ आलेली दुसरी रिक्वेस्ट डुप्लिकेट समजून फेकून देतो, आणि हे माहीत आहे फक्त त्या माणसाला जो तीन वर्षांपूर्वी रात्री दोन वाजता तो बग शोधत बसला होता. तो आता दुसऱ्या कंपनीत. कारण कोडमध्ये नाही, कमिट मेसेजमध्ये (बदलासोबत लिहायच्या टिपेत) 'फिक्स' एवढंच लिहिलंय, मग मॉडेल आणणार कुठून? आणि कारण लिहीच असा आग्रह धरलात तर ते 'सर्व्हरवरचा ताण कमी करण्यासाठी' असं काहीतरी ऐटीत ठोकून देतं. वाचायला एकदम पटतं, आणि ते चुकीचं असतं, 'बग्ज'च्या रकान्यातला तो प्रामाणिकपणा इथे नसतो. म्हणून टेक रायटरचं, म्हणजे डॉक्स लिहिणाऱ्याचं, जे जुनं काम, डेव्हलपरच्या मागे लागून, त्याला जेवणाच्या सुट्टीत गाठून 'हे असं का केलंय' ते काढून घ्यायचं, ते काही संपलेलं नाही.

जिथे खरोखर जमतं ते म्हणजे शिळेपणा पकडणं. पद्धत साधारण अशी, कुणी पुल रिक्वेस्ट (माझा बदल मुख्य कोडमध्ये घ्या अशी विनंती) टाकली की काय बदललं तो डिफ आणि त्याच्याशी संबंधित डॉक्सची पानं दोन्ही मॉडेलला द्यायची आणि विचारायचं की यातलं कुठलं वाक्य आता खोटं झालं. वरचा ३० चा १० झालेला प्रकार ते पटकन पकडतं, कारण इथे त्याला काही कल्पना करायची नाहीये, दोन कागद शेजारी ठेवून मेळ घालायचाय, अगदी जमाखर्चाच्या वहीसारखं. दुरुस्तीचा ड्राफ्टही तेच देतं, माणूस बघतो, मर्ज करतो. कधीकधी उगाचच ओरडतं, जिथे काही बदललेलंच नाही तिथेही बोट दाखवतं, आणि असं चार वेळा झालं की लोक त्याच्या सूचना न वाचताच बंद करतात, तेव्हा ते थोडं आवरावं लागतं. रिलीज नोट्सचा पहिला ड्राफ्ट, लांबलेल्या मीटिंगच्या ट्रान्सक्रिप्टमधून मुद्दे काढणं, इकडच्या पानावरचं तिकडच्या पानाशी जुळवणं, यातही बराच वेळ वाचतो.

एक मात्र, मॉडेलने लिहिलेला उदाहरणाचा कोड चालवून बघितल्याशिवाय डॉक्समध्ये घालायचा नसतो. त्यासाठी एआय लागत नाही, पायथॉनमध्ये डॉकटेस्ट नावाचं टूल २००१ पासून आहे, ते डॉक्समधली उदाहरणं चालवून सांगतं की लिहिलेलं उत्तर येतंय की नाही. तुटलेल्या लिंक शोधायलाही साधा लिंक चेकर पुरतो.

तोंडावर आपटलेले प्रसंग

वेब डेव्हलपर लोकांची एमडीएन ही फायरफॉक्सवाल्या मोझिलाची डॉक्सची साइट म्हणजे या धंद्यातली जवळजवळ पोथीच, वाद झाला की 'एमडीएनवर बघ' म्हणायचं. जून २०२३ च्या शेवटी तिथे कोडच्या उदाहरणांवर 'एआय एक्सप्लेन' असं बटण आलं, दाबलं की मॉडेल कोड समजावून सांगणार. काही दिवसांतच लोकांनी दाखवून दिलं की सांगणं भलतंच आहे, आणि तेही ठाम आवाजात, गिटहबवर तक्रारींचा पाऊस पडला आणि बटण काढलं गेलं. त्याच वेळी आलेलं 'एआय हेल्प' मात्र टिकलं, कारण ते एमडीएनचीच पानं शोधून त्यावरून उत्तर द्यायचं आणि कुठल्या पानावरून घेतलं त्याची लिंक द्यायचं. या पद्धतीला आरएजी (रिट्रीव्हल-ऑगमेंटेड जनरेशन, म्हणजे आधी शोधायचं मग उत्तर द्यायचं) म्हणतात, २०२० च्या एका रिसर्च पेपरमधून हे नाव आलं, आणि आज डॉक्सच्या साइटवर जे चॅटबॉट दिसतात त्यातले बरेच असेच चालतात. अर्थात मुळात पानच शिळं असेल तर आरएजी तेच शिळं गरम करून वाढणार.

दुसरा प्रसंग जरा भीतीदायक आहे. मॉडेल कधीकधी अस्तित्वातच नसलेल्या पॅकेजचं (इन्स्टॉल करून वापरायच्या तयार कोडच्या गठ्ठ्याचं) नाव सांगतात, आणि परत परत तेच नाव सांगतात. एका सिक्युरिटी रिसर्चरने मॉडेलच्या तोंडी वारंवार येणारं 'हगिंगफेस-सीएलआय' हे नाव घेऊन त्या नावाने रिकामं पॅकेज टाकून ठेवलं, ते तीन महिन्यांत ३० हजारांहून जास्त वेळा डाउनलोड झालं. एका बड्या कंपनीच्या प्रोजेक्टच्या रीडमीमध्येसुद्धा तीच इन्स्टॉल करायची कमांड सापडली, हे सगळं २०२४ मध्ये बाहेर आलं. त्या पॅकेजमध्ये घातक असं काही नव्हतं हे नशीब.

आणि चुकीची जबाबदारी कुणाची? कॅनडातलं एक प्रकरण फेब्रुवारी २०२४ चं आहे. एअर कॅनडाच्या चॅटबॉटने एका प्रवाशाला नातेवाइकाच्या मृत्यूनंतर मिळणाऱ्या सवलतीच्या तिकिटाचा नियम चुकीचा सांगितला, कंपनीचं एक म्हणणं असं की बॉट जे बोलला त्याला तो स्वतः जबाबदार. ब्रिटिश कोलंबियाच्या ट्रायब्युनलने हे मानलं नाही, माहिती साध्या पानावर असो की बॉटमध्ये, वेबसाइट तुमची तर जबाबदारी तुमची, असं सांगून भरपाई द्यायला लावली. कुणी तर दारच बंद केलं, जेंटू लिनक्स या ऑपरेटिंग सिस्टिमच्या प्रोजेक्टने एप्रिल २०२४ मध्ये एआयने केलेलं काहीच घेणार नाही असं ठरवलं, कोड नाही आणि डॉक्सही नाहीत. कारणं तीन, कॉपीराइट, दर्जा आणि नीतिमत्ता.

भाषेचा प्रश्न

विमानांच्या मेंटेनन्स मॅन्युअलसाठी इंग्रजीची एक आखडलेली आवृत्ती आहे, तिला आता एएसडी-एसटीई१०० म्हणतात, मूळ गाइड १९८६ चं. त्यात साधारण ९०० मंजूर शब्द, एका शब्दाचा एकच अर्थ, आणि कृती सांगणारं वाक्य २० शब्दांच्या आत. मॉडेलची सवय बरोबर उलटी. एकच शब्द परत आला की त्याला कंटाळवाणं वाटतं, म्हणून पहिल्या ओळीत 'बटण दाबा', दुसरीत 'पर्याय निवडा', तिसरीत 'आयकॉनवर टॅप करा', वाचणारा तीन वेगवेगळ्या गोष्टी शोधत बसतो आणि असतं एकच बटण. त्यामुळे स्टाइल गाइड आणि शब्दांची यादी प्रॉम्प्टमध्ये (मॉडेलला दिलेल्या सूचनेत) द्यावीच लागते, शिवाय व्हेलसारखं लिंटर, म्हणजे नियम मोडले की दाखवणारं टूल, लावून ठेवलेलं बरं.

मराठीत भाषांतर करून घेताना हा त्रास दुप्पट होतो. देवनागरी मजकुराचे टोकन (मॉडेल मजकुराचे करतं ते तुकडे) सहसा इंग्रजीपेक्षा जास्त पडतात, म्हणजे खर्चही जास्त. आणि यादी दिली नाही तर 'सेव्ह' एका पानावर 'जतन करा', दुसऱ्यावर 'साठवा' आणि एखाद्या वाईट दिवशी 'वाचवा', तर 'प्रोसेस किल करा' (चालू प्रोग्रॅम बंद करा) याचं 'प्रक्रियेला ठार मारा'. पुण्यात बसून कुठलाही डेव्हलपर 'प्रोसेस किल कर'च म्हणतो, पण तसं छापायला संकोच वाटतो, आणि हा संकोच मॉडेलनेही आपल्याच छापील मजकुरातून उचललेला असावा असा माझा संशय आहे.

वाचणारी मशीन

नवीन भानगड अशी की डॉक्स आता माणसांइतकीच मशीनही वाचतात, कोड लिहिणारे एआय एजंट आधी डॉक्स उघडतात. सप्टेंबर २०२४ मध्ये एआय संशोधक जेरेमी हॉवर्ड यांनी 'एलएलएम्स डॉट टीएक्सटी' नावाची फाइल (एलएलएम म्हणजे लार्ज लँग्वेज मॉडेल) सुचवली, साइटच्या मुळाशी ठेवायची, आत मार्कडाऊनमध्ये थोडक्यात माहिती आणि कामाच्या पानांच्या लिंक, मेनू-जाहिराती काही नाही. बऱ्याच डॉक्स साइटवर ती आता दिसते. टेक रायटर मंडळींची गंमत अशी की मथळे नीट द्या, एका पानावर एकच विषय ठेवा, 'वर सांगितल्याप्रमाणे' लिहू नका, हे ज्या टीमला वर्षानुवर्षं सांगून पटत नव्हतं, तिला 'नाहीतर एआयला कळत नाही' म्हटल्यावर एका मीटिंगमध्ये पटतं.