युरोपीय विद्यापीठांचे आंतरराष्ट्रीयीकरण : अंमलबजावणीतील अडचणी

परदेशी विद्यार्थी व अध्यापक, परभाषेतून अध्यापन आणि इतर देशांतील विद्यापीठांशी भागीदारी यांना उच्च शिक्षणाच्या रोजच्या व्यवहारात सामावून घेणे म्हणजे आंतरराष्ट्रीयीकरण. युरोपात १९८७ च्या इरॅस्मस या विद्यार्थी-देवाणघेवाणीच्या योजनेने त्याला चालना दिली. १९९९ मध्ये २९ देशांनी बोलोन्या जाहीरनामा स्वीकारला आणि देशोदेशींच्या पदव्यांची रचना जुळवण्याचे काम सुरू झाले. धोरणे कुलगुरूंच्या दालनात ठरतात. गाडी अडते ती विभागाच्या पातळीवर.

श्रेयांकांचेच, म्हणजे अभ्यासाचा भार मोजणाऱ्या क्रेडिट्सचेच पाहा. पूर्ण वर्षाच्या अभ्यासाला ६० श्रेयांक, हे माप ठरलेले आहे. एका सत्रासाठी परदेशी निघालेला विद्यार्थी आधी अभ्यास-करार करतो. त्यावर त्याची स्वतःची, मूळ विद्यापीठाची आणि यजमान विद्यापीठाची अशा तीन सह्या लागतात. तिथे पोहोचल्यावर कळते, की निवडलेला विषय या सत्रात शिकवलाच जाणार नाही, किंवा दोन तासिका एकाच वेळी आहेत. करार बदलतो, पुन्हा तीन सह्या. परत आल्यावर विभाग म्हणतो, ‘आमच्याकडचा अमुक भाग तिथे झालेला नाही,’ आणि परीक्षा नव्याने द्यावी लागते. हा विद्यार्थ्यावर सरळ अन्याय आहे, कारण करारावर त्याच विद्यापीठाची सही असते.

भाषेचा वाद त्याहून खोल आहे. मिलानच्या पॉलिटेक्निक विद्यापीठाने २०१४ पासून पदव्युत्तर व डॉक्टरेटचे सर्व शिक्षण इंग्रजीतूनच देण्याचे २०१२ मध्ये ठरवले. तिथल्याच अध्यापकांनी न्यायालयात धाव घेतली. प्रकरण इटलीच्या घटनात्मक न्यायालयापर्यंत गेले. इंग्रजीतून अभ्यासक्रम चालवता येतील, पण संपूर्ण शिक्षणक्रमांतून इटालियनला हद्दपार करता येणार नाही, असा निर्णय २०१७ मध्ये आला. अध्यापकांचा आक्षेप रास्त होता : ज्या भाषेत शास्त्र शिकवणे थांबते, तिच्यात नवी परिभाषा घडणेही थांबते. नेदरलँड्समध्ये डच भाषेच्या स्थानावरून हाच वाद कायदेमंडळात पोहोचला.

पैशाचे गणितही आड येते. स्वीडनने २०११ मध्ये युरोपीय संघ व त्याच्याशी जोडलेल्या देशांबाहेरील विद्यार्थ्यांना शुल्क लावले आणि त्यांची संख्या एकदम घसरली.

निवासाची सोय तर अनेक धोरणांत शेवटी आठवते. खोल्यांची टंचाई इतकी वाढली, की २०२२ मध्ये ॲम्स्टरडॅम विद्यापीठाने प्रवेश दिलेल्या परदेशी विद्यार्थ्यांनाच कळवले : राहण्याची जागा मिळाली नसेल, तर येऊ नका.